सुलटा हात, उलटा हात

सेफ्टी रेझर हे तीन भागांचे साधे हत्यार आहे: वरची कमानदार टोपी, खालची संरक्षक पट्टी आणि दोन्हींना आवळून धरणारी मूठ. टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्ही कडांना धार असलेले पातळ ब्लेड बसते. मूठ आवळली की ब्लेड किंचित वाकते, त्यामुळे ताठ होते आणि त्याच्या दोन्ही धारा केसभर बाहेर डोकावतात. गालावर रेझर फिरतो तेव्हा पट्टी पुढे जाते, कातडी सपाट करते आणि तिच्या मागून येणारी धार केस कापते. या हत्यारातली सुरक्षा एवढीच. वस्तऱ्याने होऊ शकणारी खोल जखम ते होऊ देत नाही. बारीक चिरा, आग आणि पुरळ यांपासून मात्र ते आपोआप वाचवत नाही. ते हाताला शिकावे लागते. नवशिक्याला जे शिकायचे असते त्यातले बहुतेक दोनच गोष्टींत येते: केस पुरेसा भिजवणे आणि हाताचा दाब काढून घेणे.

धारेपुढे पट्टी लावण्याची कल्पना जिलेटच्या बरीच आधीची. झां-जाक पेरे या फ्रेंच चाकूकाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्तऱ्याला लाकडी संरक्षक पट्टी बसवली आणि स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक पुस्तकही लिहिले. पुढे १८८० साली अमेरिकेत काम्फे बंधूंनी पेटंट घेतलेल्या रेझरमध्ये ब्लेड मुठीला आडवे बसत असे. पण ते जाड, घडीव पोलादाचे होते आणि वस्तऱ्याप्रमाणेच कातड्याच्या पट्ट्यावर घासून त्याची धार राखावी लागे. दाढी शिकण्यातला सर्वांत अवघड भाग, म्हणजे धार लावणे आणि टिकवणे, तसाच राहिला होता.

तो भाग काढून टाकला किंग कँप जिलेट याने. बाटल्यांची बुचे विकणाऱ्या कंपनीत तो फिरता विक्रेता होता. एकदा वापरून फेकता येईल आणि गिऱ्हाईक पुन्हा घ्यायला येईल अशी काहीतरी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्याला बुचांचा संशोधक विल्यम पेंटर याने दिला होता. पातळ पत्र्याचे, धार गेली की टाकून द्यायचे ब्लेड जिलेटला १८९५ मध्ये सुचले. इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार देता येणार नाही असे जाणकारांचे मत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ती पद्धत आणि त्यासाठीची यंत्रे तयार केली. १९०१ साली बोस्टनमध्ये कंपनी निघाली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड घेतली. घरी, आरशासमोर, स्वतःच्या हाताने रोज दाढी करण्याची सवय घेऊन हे सैनिक परतले.

सुरुवातीची ब्लेड कार्बन पोलादाची असत. ती गंजत आणि लवकर बोथट होत. १९६०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात रुजवले, आणि थोड्याच काळात धारेवर घर्षण कमी करणारा टेफ्लॉनच्या जातीचा मुलामा चढू लागला. आजच्या दुधारी ब्लेडची बैठक तीच आहे: क्रोमियमयुक्त पोलाद, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. नंतर १९७१ मध्ये दोन पात्यांचे कार्ट्रिज आले, १९९८ मध्ये तीन आणि २००६ च्या सुमारास पाच. प्रत्येक पायरीवर हाताचे कौशल्य थोडे थोडे यंत्रात गेले. हलणारे डोके कोन स्वतः सांभाळते, अनेक पात्यांवर दाब वाटला जातो. सोय झाली हे खरे. पण त्या सोयीबरोबर पाच रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या ब्लेडच्या जागी शंभर-दोनशे रुपयांचे कार्ट्रिज आले, आणि काही कातड्यांना ते मानवले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

महाराष्ट्रात दाढी हे पिढ्यान् पिढ्या नाभिकाचे काम. तो धोकटी घेऊन घरी येई किंवा पाराखाली बसे; वस्तरा आणि निसणा त्याचेच. घरच्या घरी दाढी ही ब्लेडसोबत आली, आणि ब्लेडच्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे: सुपरमॅक्स हे जगभर गेलेले नाव ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्स या कारखान्याचे. सलूनमध्येही हेच दुधारी ब्लेड पोहोचले. कारागीर ते कागदातल्या कागदात मधोमध मोडतो आणि त्यातले अर्धे पाते वस्तऱ्याच्या खोबणीत सरकवतो. ‘नवीन ब्लेड लावा’ ही गिऱ्हाइकाची सूचना एड्स आणि कावीळ यांच्या भीतीतून रूढ झाली, आणि ती रास्त आहे: हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. घरातही बाप-लेकांनी किंवा भावाभावांनी एक ब्लेड वापरू नये ते याचसाठी.

भारतीय न्हाणीघराचा आणि रेझरच्या रचनेचा संबंध किती जवळचा आहे हे एका प्रसंगातून दिसते. जिलेट कंपनीने २००२ च्या सुमारास भारतासाठी काढलेल्या रेझरची चाचणी बोस्टनजवळच्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. भारतात मात्र तो केसांनी तुंबू लागला, कारण इथे असंख्य माणसे वाहत्या नळाखाली नव्हे तर वाटीभर किंवा मगभर पाण्यात रेझर खळबळवून दाढी करतात. त्यानंतर कंपनीची माणसे भारतीय घरांत जाऊन बसली, आणि २०१० मध्ये एकच पाते असलेला, सहज धुतला जाणारा, १५ रुपयांचा रेझर बाजारात आला. दुधारी सेफ्टी रेझरला ही अडचण कधी नव्हतीच. त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या असल्याने मगात दोनदा बुडवला की तो साफ होतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हा गुण छोटा नाही.

नवशिक्याने रेझर निवडताना दिसण्यापेक्षा धार किती बाहेर येते आणि पट्टी व धार यांच्यात फट किती आहे हे पाहावे. दोन्ही कमी असतील तर रेझर सौम्य. सरळ किंवा किंचित नागमोडी पट्टीचे रेझर सहसा सौम्य असतात. फणीसारखे उघडे दाते असलेले दाट, वाढलेल्या दाढीसाठी सोयीचे, पण सुरुवातीला नकोत. मूठ फिरवली की टोपीची दोन दारे उघडणारा रेझर ब्लेड बदलायला सोपा असतो. तीन सुटे भाग असलेला धुवायला सोपा आणि बिघडायला अवघड. वजन महत्त्वाचे. सत्तर ते शंभर ग्रॅमचा धातूचा रेझर स्वतःच्या भाराने केस कापतो, म्हणून हाताला जोर लावायची इच्छा होत नाही. प्लॅस्टिकच्या हलक्या मुठीवर तीच इच्छा अनावर होते.

ब्लेडच्या बाबतीत एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. केसाची जाडी, कातडी, रेझरची रचना आणि हात हे सगळे त्यात येते. जपानमधल्या सेकी गावची फेदर ब्लेड अतिशय धारदार म्हणून प्रसिद्ध आहेत. हात बसेपर्यंत ती बाजूला ठेवलेली बरी. फार मऊ धारेचे ब्लेडही चांगले नाही, कारण ते केस कापण्याऐवजी ओढते. मधल्या धारेचे एक ब्लेड निवडून निदान महिनाभर तेच वापरणे हा शिकण्याचा खरा मार्ग आहे. रेझर, ब्लेड, साबण, ब्रश हे सगळे एकदम बदलले तर गालावरची आग कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

ब्रश बिज्जू या प्राण्याच्या केसांचे, डुकराच्या केसांचे किंवा कृत्रिम धाग्यांचे असतात. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाण्यात भिजत ठेवावा लागतो आणि काही आठवडे वापरल्यावर त्याची टोके फाटून मऊ होतात. कृत्रिम धाग्यांच्या ब्रशला हे काहीच लागत नाही, तो लवकर वाळतो आणि आता उत्तम प्रतीचा मिळतो. नवशिक्याला तोच सांगावा. जनावराच्या केसांच्या ब्रशचा एक काळा इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर काही वर्षे, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाली. अशा रुग्णांची संख्या दोनशेहून अधिक होती. आज त्याची भीती नाही, पण ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून टांगावा हा नियम पाळण्यासारखाच आहे.

आता पाणी. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा. कोरडा असताना तो फार चिवट असतो, पाणी शोषल्यावर फुगतो आणि मऊ पडतो. भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर पुरतो. हे भिजणे क्षणात होत नाही. दोन ते तीन मिनिटे लागतात. म्हणून अंघोळीनंतरची दाढी अंघोळीआधीच्या दाढीपेक्षा निश्चित सरस. कोमट पाणी चांगले; कढत पाणी कातडीचे तेल काढून घेते आणि पुढच्या आगीची तयारी करून ठेवते. नवशिक्याच्या दहा तक्रारींतल्या निम्म्या केवळ ही तीन मिनिटे दिल्याने मिटतात, असे म्हणायला हरकत नाही.

फेसाचे काम केस उभा करणे नव्हे, तर पाणी केसाजवळ धरून ठेवणे आणि धारेखाली वंगण पुरवणे. दाढीचा साबण अंघोळीच्या साबणापेक्षा वेगळा असतो. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते, ते पोटॅशियमच्या अल्कलीने साबणात रूपांतरित केलेले असते आणि सोबत ग्लिसरीन असते. त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. गोदरेज, पामोलिव्ह, ओल्ड स्पाइस अशी ट्यूबमधली क्रीम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि शिकायला पुरेशी आहेत. दाबताच फसफसून येणारा डब्यातला तयार फेस बहुतांशी हवा असतो. तो डोळ्याला भरपूर दिसतो, केसाला कमी मिळतो.

ब्रश भिजवून पाणी थोडे झटकावे. साबणाच्या वडीवर तो वीस-तीस सेकंद गोल फिरवावा, क्रीम असेल तर नखाएवढे ब्रशच्या मध्यात घ्यावे. मग वाटीत किंवा सरळ गालावर फेस धरावा आणि त्यात ब्रशच्या टोकाने थेंब थेंब पाणी मिळवत जावे. सुरुवातीचा फेस कोरडा, पांढराफटक आणि चिकट असतो. पाणी मिळत गेले की तो चकाकू लागतो, बुडबुडे दिसेनासे होतात आणि वाटी तिरकी केली तरी तो कवडीच्या दह्यासारखा जागेवर राहतो. तिथे थांबावे. नवशिके पाणी कमी घेतात. कोरडा फेस भरघोस दिसतो, पण धार त्यावर अडखळते. बोअरच्या पाण्यावर वाढणाऱ्या गावांत आणि सोसायट्यांत आणखी एक अडचण असते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार करतात, फेस धरत नाही. त्यासाठी साबण बदलत बसू नये. फेसापुरते कपभर गाळलेले आरओचे पाणी घ्यावे, फरक लगेच दिसतो.

रेझर हातात घेण्यापूर्वी एक अभ्यास करायचा असतो आणि तो बहुतेक जण गाळतात. दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि बोटांची टोके चारही दिशांनी फिरवावीत. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जाते ती सुलटी, जिथे टोचते ती उलटी. गालांवर केस साधारण खाली जातात. गळ्यावर मात्र ते कंठमण्यापासून वर, आडवे किंवा तिरके जाऊ शकतात, आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली अनेकांना चक्क भोवरा असतो. ‘वरून खाली’ म्हणजे सुलटे हे गृहीत धरून गळ्यावर रेझर ओढणारा माणूस पहिल्याच हाताला उलटी दाढी करत असतो, आणि मग गळा लाल का होतो हे त्याला समजत नाही. चेहऱ्याचा हा नकाशा कागदावर काढून आरशाशी चिकटवून ठेवला तरी चालेल.

ब्लेड बसवताना टोपी तळहातावर उताणी धरावी, ब्लेड त्याच्या आखूड, बिनधारेच्या बाजूंना पकडून खुंट्यांवर ठेवावे, वर पट्टी आणि मग मूठ आवळावी. दोन्ही बाजूंनी धार सारखी बाहेर आली आहे का हे समोरून पाहावे. एका बाजूने जास्त आली असेल तर सैल करून पुन्हा बसवावे. तिरके बसलेले ब्लेड एका गालावर सौम्य आणि दुसऱ्यावर निर्दय वागते.

कोन शोधण्याची रीत ठरलेली आहे. कल्ल्याखाली टोपीचा माथा गालाला टेकवावा. मूठ तेव्हा गालापासून काटकोनात बाहेर असते आणि धार कातडीला लागत नाही. मग छोटे हात मारत मूठ हळूहळू खाली आणावी. एका जागी केस कापल्याचा बारीक, कुरकुरीत आवाज येऊ लागतो. तोच कोन, ब्लेड आणि कातडी यांच्यामध्ये तो सुमारे तीस अंशांचा भरतो. पण अंश मोजण्यापेक्षा कान देणे जास्त उपयोगाचे. चेहरा सपाट नाही, त्यामुळे जबड्याच्या वळणावर, हनुवटीवर, ओठाखाली हा कोन दर सेंटिमीटरला नव्याने सांभाळावा लागतो. म्हणूनच हात आखूड ठेवायचे, दोन-तीन सेंटिमीटरचे. गालफडावरून एकदम लांब ओढ घेणे हे कार्ट्रिजने लावलेले वळण आहे.

दाबाचेही तसेच. कार्ट्रिजमध्ये थोडा जोर चालतो, कारण तो अनेक पात्यांवर आणि हलत्या डोक्यावर वाटला जातो. सेफ्टी रेझरमध्ये जोर लावला की कातडी पट्टी आणि धार यांच्यामधल्या फटीत फुगून वर येते, आणि धार केसाबरोबर तिचाही पापुद्रा काढते. रेझर मुठीच्या टोकाकडे तीन बोटांत धरावा, जेणेकरून जोर लावणेच अवघड होईल. मनगट फार वळवू नये. रेझर आडवा, धारेच्या रेषेत कधीही सरकू देऊ नये. सुरी सरकते तसा तो सरकला तर चीर पडतेच. मोकळ्या हाताने कातडी ताणायची, मात्र फार नाही. जबड्याच्या हाडावर दाढी करताना खालची कातडी वर, गालाच्या सपाट भागावर ओढून घ्यावी. मिशीच्या जागेसाठी वरचा ओठ दातांवर ताणावा, हनुवटीसाठी खालचा. या दोन जागा शेवटी घ्याव्यात: तिथले केस सर्वांत राठ असतात आणि तेवढा वेळ त्यांना फेसात भिजायला मिळतो.

पहिल्या हातात तुळतुळीत दाढी होत नाही आणि तशी ती करायचीही नसते. केस टप्प्याटप्प्याने कमी करायचे. पहिला हात सुलटा. पुन्हा पूर्ण फेस. दुसरा हात आडवा, म्हणजे केसांच्या दिशेला काटकोनात. पुन्हा फेस, आणि मग तिसरा, उलटा. पहिले तीन-चार आठवडे नवशिक्याने फक्त सुलटा हात मारावा आणि सायंकाळपर्यंत थोडा खरखरीतपणा राहिला तर तो चालवून घ्यावा. नंतर आडवा जोडावा. उलटा हात प्रत्येकाने शिकलाच पाहिजे असे नाही. अनेकांच्या गळ्याला तो कधीच सोसत नाही, आणि घोटून केलेल्या दाढीच्या हौसेपायी गळा फोडांनी भरून घेण्यात शहाणपण नाही. फेस नसलेल्या जागेवर ‘एवढे एकच राहिले’ म्हणून रेझर फिरवणे सर्वांत वाईट. बहुतेक आग तिथून येते.

कार्ट्रिज काहींना न मानवण्याचे कारण इथेच आहे. अनेक पात्यांच्या रचनेत पहिले पाते केसाला ओढून थोडा वर आणते आणि तो मागे जाण्याच्या आत पुढचे पाते त्याला कापते. उरलेले टोक कातडीच्या पातळीखाली जाते. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांच्या बाबतीत हे टोकदार केस वाढताना आत वळतात, कातडीत घुसतात आणि गळ्यावर कायमचे पुरळ उठते. एकाच पात्याचा, सुलटा, हलका हात केस कातडीच्या पातळीवर कापतो. त्यामुळे अशा लोकांचा त्रास पुष्कळदा कमी होतो. पुरळ पिकत असेल किंवा काळे डाग राहत असतील तर मात्र त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी उलट्या हाताच्या वाटेला जाऊ नये.

दाढी झाल्यावर चेहरा गार पाण्याने धुऊन ओल्या गालांवर तुरटीचा खडा फिरवतात. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे हे सल्फेट कातडी आकसवते, बारीक रक्तस्राव थांबवते. शिकणाऱ्याला तुरटीचा दुसरा उपयोग अधिक आहे. जिथे चरचरते तिथे हात जड पडला होता. डाव्या जबड्याखाली रोज चरचरत असेल तर चूक कुठे आहे हे सांगायला दुसरे कोणी लागत नाही. मिनिटभराने तुरटी धुऊन टाकावी, नाहीतर कातडी कोरडी पडते. खडा स्वतःचा वेगळा ठेवावा. स्पिरिटवाले आफ्टरशेव्ह झोंबते म्हणून ते गुणकारी, ही समजूत सोडावी. कोरड्या कातडीला साधे मॉइश्चरायझर बरे.

आणखी एक समजूत घराघरांत आहे: वारंवार दाढी केल्याने केस राठ आणि दाट होतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचना अभ्यासिकेने १९२८ मध्येच मोजमापे घेऊन दाखवले की दाढीने केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट. ते बोटाला राठ लागते, इतकेच.

ब्लेड किती दिवस चालते याचे एक उत्तर नाही. साधारण तीन ते सात दाढ्या. ते ओढू लागले की त्याच दिवशी बदलावे, काटकसर करू नये. पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केस त्याची धार कशी घालवतो, याचा उलगडा एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. धार नुसती झिजत नाही. केस कापला जाताना वाकतो, आणि तो धारेच्या विशिष्ट जागी विशिष्ट कोनात भिडला की पोलादाच्या सूक्ष्म रचनेतल्या कमकुवत ठिकाणाहून बारीक टवका उडतो. मऊ, नीट भिजलेला केस म्हणूनच ब्लेडलाही जपतो. ब्लेड टॉवेलने पुसू नये. त्याने धार बिघडते आणि बोटही कापते. रेझर धुऊन, झटकून, कोरड्या जागी ठेवावा. आठवड्यातून एकदा उघडून जुन्या टूथब्रशने साबणाचा थर काढावा.

वापरलेली ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकणे हा अपराध मानला पाहिजे, कारण ती पिशवी पुढे कोणीतरी उघड्या हाताने निवडते. एकेकाळी अमेरिकी घरांत न्हाणीघरातल्या कपाटाच्या पाठीला एक फट असे आणि ब्लेड त्यातून भिंतीच्या पोकळीत पडत. जुनी घरे पाडताना आजही त्यांचे ढीग सापडतात. आपल्याकडे झाकण पक्के बसवलेला पत्र्याचा डबा आणि त्याला पाडलेली एक फट पुरते. एका माणसाची अनेक वर्षांची ब्लेड त्यात मावतात, आणि भरलेला डबा पूर्ण बंद करून, आत ब्लेड आहेत असे सांगून भंगारात देता येतो. त्यात प्लॅस्टिक नसल्याने पोलाद पुन्हा वितळवता येते. विमानप्रवासात ब्लेड हातातल्या सामानात चालत नाहीत, ती चेक-इन बॅगेत ठेवावीत किंवा पोहोचल्यावर तिथल्या दुकानातून घ्यावीत.